विंडलास मोटर : प्रवासी शीडनौकेवरील विद्युत् मोटरची दुरुस्ती व बदली

नौकेच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) बसवलेले, नांगर आणि त्याची साखळी वर ओढून घेणारे यंत्र म्हणजे विंडलास. मराठीत त्याला नांगर-रहाट म्हणता येईल. रूढ संकेतानुसार ज्याचा आस आडवा तो विंडलास व ज्याचा उभा तो कॅपस्टन. मात्र उभ्या आसाच्या यंत्रांनाही आता सर्रास विंडलासच म्हणतात. प्रस्तुत नोंद अशा यंत्राला फिरवणाऱ्या, १२ किंवा २४ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या एकदिश प्रवाहाच्या मोटरपुरती मर्यादित आहे.

विंडलास हा शब्द प्राचीन नॉर्स भाषेतील ‘विंदास’ (विंदा = गुंडाळणे, आस = दांडा) यापासून आला, हे मत बहुतेक कोशकारांना मान्य आहे. मधला ‘ल’ कोठून आला याविषयी एकमत नाही. गुंडाळणे याच अर्थाच्या एका मध्यकालीन इंग्रजी क्रियापदाचा तो प्रभाव असावा, हा तर्क अधिक सयुक्तिक वाटतो. मराठी ‘आस’ हा संस्कृत ‘अक्ष’पासून आला असल्याने त्याचे नॉर्स ‘आस’शी असलेले साम्य केवळ योगायोगाचे आहे. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने चाक-आस ही जोडी पाच मूलभूत यंत्रांत गणली होती. नांगरासाठी दोराऐवजी साखळी वापरण्याची प्रथा रुळली ती ब्रिटिश नौदलातील सॅम्युएल ब्राउन यांच्या १८०८ च्या पेटंटानंतर. त्यानंतर साखळीच्या कड्या बसतील अशा खाचांचे चाक, म्हणजे जिप्सी, विंडलासचा अविभाज्य भाग झाले. लहान शीडनौकांवर विद्युत् मोटर सर्वसाधारण झाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

मोटरच्या ज्या भागाला सर्वांत जास्त दुरुस्ती लागते, त्या कार्बन ब्रशच्या (फिरत्या भागाला घासत वीज पोहोचवणाऱ्या ठोकळ्याच्या) जनकत्वाबद्दल दोन दावे आढळतात. आरंभीच्या यंत्रांत तांब्याच्या तारांचे किंवा जाळीचे कुंचे असत. ‘ब्रश’ हे नाव त्यावरूनच टिकून राहिले. काही लेखक कार्बनच्या वापराचे श्रेय ट्रामगाड्यांच्या मोटरींवर १८८८ च्या सुमारास तो रुळवणाऱ्या चार्ल्स व्हॅन डेपोएल यांना देतात. परंतु जॉर्ज फोर्ब्झ यांचे ब्रिटिश पेटंट १८८५ चे आहे. त्यामुळे कल्पना फोर्ब्झ यांची आणि प्रसार व्हॅन डेपोएल यांचा, असे मानणे अधिक योग्य होय.

मोटरीचे प्रकार : दुरुस्तीला हात घालण्याआधी मोटर कोणत्या जातीची आहे हे ओळखणे अत्यावश्यक आहे. येथे चूक झाली की पुढचा सारा खर्च वाया जातो. एकसरी मोटरीत क्षेत्र-वेटोळी (चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारी स्थिर वेटोळी) आणि आर्मेचर (वेटोळी गुंडाळलेला फिरता भाग) एकामागोमाग जोडलेली असतात. लोखंड चुंबकीय दृष्ट्या संपृक्त होईपर्यंत तिचा पीळ (फिरवण्याचा जोर) प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून चिखलात रुतलेला नांगर उपटताना ती खंबीर ठरते. मात्र भाराविना ती बेफाम वेग घेते; टेबलावर तपासताना तिला पूर्ण विद्युत् दाब देऊन मोकळी सोडू नये. स्थायी चुंबकाच्या मोटरीत क्षेत्र-वेटोळ्यांच्या जागी कवचाच्या आतून चिकटवलेले फेराइट चुंबक असतात. फेराइट चुंबक १९५० च्या दशकात उपलब्ध झाले. या मोटरीचा पीळ प्रवाहाच्या थेट प्रमाणात असतो आणि वेगाला नैसर्गिक मर्यादा राहते.

दिशा बदलण्याची रीत दोहोंत वेगळी आहे. स्थायी चुंबकाच्या मोटरीला दोनच टर्मिनल असतात. धन-ऋण उलटवले की ती उलटी फिरते. एकसरी मोटरीत धन-ऋण उलटवले तर क्षेत्र आणि आर्मेचर दोन्ही एकदम उलटतात आणि दिशा तीच राहते. म्हणून तिच्यात परस्परविरुद्ध गुंडाळलेली दोन क्षेत्र-वेटोळी ठेवतात, एक वर ओढण्यासाठी, दुसरे खाली सोडण्यासाठी. अशा मोटरीला तीन टर्मिनल असतात. (एकच क्षेत्र-वेटोळे असून त्याची दोन्ही टोके स्वतंत्रपणे बाहेर काढलेल्या चार टर्मिनलच्या मोटरीही आढळतात.) सोलेनॉइडची (मोटरीचा मोठा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विद्युत्-चुंबकीय स्विचची) पेटी मोटरीच्या जातीनुसार ठरते. तीन टर्मिनलची जुनी मोटर काढून दोन टर्मिनलची नवी बसवली आणि जुनीच पेटी ठेवली, तर मोटर एका दिशेने फिरेल, पण उलट फिरणार नाही. मोटर बदलणाऱ्यांकडून सर्वाधिक होणारी चूक हीच आहे.

भार व प्रवाह : १० मिलिमीटर जाडीच्या साखळीचे वजन मीटरला सुमारे २.३ किलोग्रॅम भरते. १५ मीटर खोलीत सरळ लोंबणारी साखळी आणि २० किलोग्रॅमचा नांगर यांचा पाण्यातील भार ५० किलोग्रॅमच्या आसपास येतो. तो मिनिटाला १२ मीटर वेगाने उचलायला प्रत्यक्षात केवळ १०० वॉट पुरतात. तरीही १,००० वॉटची मोटर लावतात, कारण वर्म गिअरमध्ये (मळसूत्री दंतचक्रांत) बराच व्यय होतो आणि खरा भार नांगर तळातून सुटण्याच्या क्षणी येतो. त्यातच विंडलासच्या जोरावर नौका वाऱ्याविरुद्ध पुढे ओढण्याची सवय अनेकांना असते. ती सोडावी. नौका इंजिनाने पुढे न्यावी आणि विंडलासने फक्त सैल झालेली साखळी गोळा करावी. मोटर अडली की विरोधी विद्युत् चालक प्रेरणा (फिरत्या मोटरीत निर्माण होऊन प्रवाहाला रोखणारा दाब) शून्यावर येते, प्रवाह नेहमीच्या कित्येक पट होतो आणि वेटोळ्यांवरचे वार्निश जळते. या मोटरी अल्पकाळ चालण्यासाठीच आखलेल्या असतात, हेही लक्षात ठेवावे.

दोषनिदान : ‘मोटर गेली’ म्हणून काढलेल्या मोटरींपैकी अनेक निर्दोष असतात, दोष तिच्यापर्यंत येणाऱ्या वाटेत असतो. बॅटरी बहुधा नौकेच्या मध्यभागी किंवा मागे आणि मोटर नाळेत असते. जाऊन-येऊन २४ मीटर केबल धरली, तर २५ चौरस मिलिमीटरच्या तांब्यात १०० अँपिअरला सुमारे १.७ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. हे १२ व्होल्टच्या १४ टक्के झाले. ५० चौरस मिलिमीटरची केबल घेतल्यास हाच व्यय निम्मा होतो. एकसरी मोटर अडून बसली असता प्रवाह १० टक्के घटला तर पीळ जवळजवळ १९ टक्के घटतो. म्हणून बारीक केबलची झळ तिला अधिक बसते. त्यात हिरवे पडलेले लग (केबलच्या टोकाच्या धातूच्या जोडण्या) व सैल नट यांची भर पडते.

त्यामुळे पहिले मापन भार असताना मोटरीच्या टर्मिनलवर घ्यावे. भाराविना दिसणारे १२.६ व्होल्ट काहीच सिद्ध करत नाहीत. पायाने दाबायच्या स्विचला प्रतिसाद म्हणून सोलेनॉइडचा ‘टक्’ आवाज आला नाही, तर दोष बहुधा स्विचमध्ये किंवा बारीक तारांत असतो. पायस्विचचा रबरी पडदा उन्हाने तडकून आत पाणी शिरणे ही नित्याची गोष्ट आहे. आवाज आला पण मोटर हलली नाही, तर सोलेनॉइडच्या दोन जाड टर्मिनलमधला दाब मोजावा. स्पर्शक जळलेले असतील तर तेथे काही व्होल्ट अडकलेले दिसतात. हे सारे ठीक असेल तरच मोटर उघडावी. त्याआधी साखळी रोधकाने किंवा दोराने नौकेला पक्की बांधावी आणि मुख्य ब्रेकर बंद करावा. अचानक फिरलेल्या जिप्सीत हाताचे बोट सापडले तर ते तुटते.

उघडल्यावर दिसणारे दृश्य बहुतेक ठिकाणी सारखे असते. मोटर डेकखाली, साखळीच्या ओल्या खणात लटकलेली असते. रंगवलेल्या पोलादी कवचावर गंजाचे पापुद्रे सुटलेले असतात, मागचे झाकण काढताच कार्बनची काळी, ओलसर पूड हाताला लागते आणि ब्रशधारकाच्या पितळेवर हिरवट क्षार दिसतात. ब्रश अजून पुरेसा लांब असतो, पण क्षारांनी धारकात घट्ट बसलेला. स्प्रिंग त्याला दाबत असते, तरी तो कम्युटेटरपर्यंत (आर्मेचरवरील तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यापर्यंत) पोहोचत नाही. अशी मोटर कवचावर लाकडी मुठीने टकटक केल्यास क्षणभर चालू होते. हे ब्रश अडकल्याचे खात्रीचे लक्षण मानावे, उपाय नव्हे. स्थायी चुंबकाच्या मोटरीवर हातोडी तर कधीच मारू नये, कारण फेराइट ठिसूळ असते.

दुरुस्ती : ब्रश बाहेर काढून धारक साफ करावेत, ब्रश स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. कम्युटेटर बारीक काचपेपरने उजळावा. एमरी वापरू नये, तिचे कण पट्ट्यांमध्ये रुततात. पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या पृष्ठभागाला आला असेल तर तो अर्ध्या मिलिमीटरभर खाली कोरावा. नवा ब्रश बसवताना कम्युटेटरवर काचपेपरची पट्टी खरखरीत बाजू वर करून ठेवावी आणि आर्मेचर फिरवून ब्रशला त्याची गोलाई द्यावी. खारे पाणी शिरलेले आर्मेचर आधी गोड्या पाण्याने धुवावे, कारण क्षार आत ठेवून वाळवले तर ओल पुन्हा धरते. मग ६० ते ८० अंश सेल्सिअसला सावकाश वाळवून कम्युटेटर व दांडा यांच्यातील निरोधन मेगरने (निरोधन मोजायच्या उपकरणाने) तपासावे. सुटलेले चुंबक इपॉक्सीने चिकटवता येतात. मात्र काढण्यापूर्वी प्रत्येकाची जागा आणि बाजू खुणावून ठेवावी, नाहीतर ध्रुवांचा क्रम बिघडतो. वाहनांचे स्टार्टर रिवाइंड करणारा कोणताही कुशल कारागीर हे आर्मेचरही गुंडाळू शकतो. आर्मेचर शाबूत असून केवळ ब्रश, बेअरिंग व ऑइल सील (तेल रोखणारी कडी) गेले असतील, तर नवी मोटर घेणे अनाठायी होय. कवच आरपार गंजले असेल तर मात्र दुरुस्तीत वेळ घालवू नये.

ऑइल सील दुर्लक्षित राहते. गिअरबॉक्सचे तेल मोटरीत झिरपून ब्रश चिकट झाले असतील, तर ते सील बदलल्याविना केलेली सफाई टिकत नाही.

बदली : जुनी मोटर सुटणे हेच पुष्कळदा सर्वांत कष्टाचे काम असते. ॲल्युमिनियमच्या गिअरबॉक्समध्ये स्टेनलेस पोलादाचे बोल्ट खाऱ्या ओलीत गॅल्व्हानिक क्षरणाने जाम होतात. भेदक तेल, मध्यम उष्णता आणि दोन दिवसांचा धीर हाच मार्ग; पटाशी घालून उचकटल्यास ॲल्युमिनियमचे तोंड फुटते. नव्या मोटरीचा दाब, वॉट, वेग, दांड्याचा व्यास, किल्लीची (दांड्याच्या खाचेत बसणाऱ्या पट्टीची) रुंदी, फ्लँजच्या (मोटर बसवायच्या कडेच्या) भोकांचे वर्तुळ आणि फिरण्याची दिशा हे सर्व जुळावे लागते. मेट्रिक व इंची मापे वरवर सारखी दिसतात, म्हणून व्हर्निअरने मोजावे. वेग दीडपट असलेली मोटर बसली तरी साखळी जिप्सीवरून उसळते. लिथियम बॅटरी असल्यास तिची संरक्षक यंत्रणा मोटर अडल्यावरचा प्रवाह सोसते की नाही, हे आधी पाहावे.

दांड्यावर व बोल्टवर जामरोधक लेप लावावा, कवचाला इपॉक्सी रंगाचे दोन हात द्यावेत, टर्मिनलवर ग्रीस व रबरी टोप्या चढवाव्यात. मोटरीच्या तळाशी पाणी निघायला भोक असेल तर ते रंगाने बुजू देऊ नये. जिप्सी मोकळी ठेवून वर-खाली दिशा तपासावी, मग साखळीसह चालवून भारातला दाब व प्रवाह मोजावा आणि ते आकडे तारखेसह कवचावर रंगाने लिहून ठेवावेत.