मेंदूतली रिंग: टॉक्सो की टेपवर्मची अळी?

एमआरआयच्या रिपोर्टात रिंगसारखी गाठ लिहून आली की घरची माणसं विचारतात डोक्यात किडा झालाय का, आणि शेजारचं कोणतरी अल्बेन्डाझोलची, म्हणजे जंतावरची गोळी सुचवून मोकळं होतं. थांबा जरा. एचआयव्ही असलेल्या माणसात ही रिंग टॉक्सोप्लाझ्मा (टॉक्सो) नावाच्या सूक्ष्म जंतूची असू शकते नाहीतर टेपवर्मच्या अळीची, फिल्मवर दोन्ही कधीकधी सारख्याच दिसतात पण औषधं पार वेगळी.

मला विचाराल तर पहिला प्रश्न एकच, सीडी४, म्हणजे एचआयव्हीनं कमी होणाऱ्या संरक्षक पेशींचा रक्तातला आकडा, किती? टॉक्सोचा जंतू अंगात वर्षानुवर्षं गप्प पडून असतो, मांजराच्या विष्ठेनं खराब झालेल्या मातीपाण्यातून किंवा कच्च्या राहिलेल्या मटणातून आलेला, आणि सीडी४ १०० च्या खाली गेला की उठतो. मग डोकेदुखी, ताप, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बरळणं, फिटसुद्धा. गाठी बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त, बऱ्याचदा मेंदूत खोलवर, भोवती सूज. रक्तातली टॉक्सोची आयजीजी (जंतूविरुद्धच्या अँटीबॉडीची तपासणी) निगेटिव्ह आली तर शक्यता बरीच कमी होते, पण पॉझिटिव्ह आली म्हणजे टॉक्सोच असं नाही, जंतू कधीतरी अंगात शिरला होता एवढंच त्यातनं कळतं.

अळीचं तसं नाही, सीडी४ ५०० असला तरी ती असू शकते. माणूस एरवी धडधाकट, ताप नाही, आणि अचानक फिट. गाठीच्या आत बारीक ठिपका, म्हणजे अळीचं डोकं, दिसलं तर निदान जवळजवळ पक्कं. कोल्हापुरात लगेच तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर खापर फुटतं, पण बकऱ्याच्या मटणातनं हा आजार येत नाही, टेपवर्म झालेल्या माणसाच्या विष्ठेतली अंडी न धुतलेल्या हातांवरून, कोथिंबिरीवरून पोटात गेली की होतो, म्हणून माळकऱ्यालाही होतो.

आणि एक कळकळीनं सांगतो, ओळखीचं कोणी बघेल म्हणून लोक फिटच्या डॉक्टरपाशी एचआयव्ही लपवतात. मग त्यांच्यापुढं नुसता फिट आलेला पेशंट, आणि आपल्याकडं अशी रिंग म्हणजे टीबीची गाठ नाहीतर अळी हेच आधी मनात येणार, टॉक्सो राहून जातो. सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्याच्या एआरटी सेंटरची, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथली फाईल असेल तर ती सोबत न्याच.

टॉक्सोचा दाट संशय असला की डॉक्टर कोट्रायमॉक्साझोल किंवा पायरीमेथामिन-सल्फाडायझिन चालू करतात आणि साधारण दोन आठवड्यांनी परत स्कॅन, गाठी आकसल्या तर टॉक्सोच धरतात. सोबत स्टेरॉइड चालू असेल तर मात्र फसगत होते, त्यानं लिम्फोमाची, म्हणजे एका प्रकारच्या कॅन्सरची गाठही आकसते. अळीला अल्बेन्डाझोल, पण स्टेरॉइडच्या आधारानं, कारण अळी मरताना सूज वाढते, आणि आधी डोळे तपासून, तिथं अळी असली तर नजर जाऊ शकते. टॉक्सोच्या औषधानं दोन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासण्याचा विचार होतो, तेव्हा टीबी, लिम्फोमा आणि अगदी क्वचित अकँथअमिबासारखा अमिबाही निघतो.