अबोल बालकांसाठी संवादसाधने (खानदेश)

घरात भरभरून बोलणारे, पण अंगणवाडीत किंवा पाहुण्यांसमोर गप्प होणारे ३ ते ६ वर्षांचे मूल आपले म्हणणे पोहोचवू शकेल, यासाठी वापरायची साधने : ध्वनिमुद्रण, बोलके बटण, चित्रफलक आणि साधा मोबाइल. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत त्यांचा विचार भाषेपासून सुरू करावा लागतो. घरात अहिराणी, लेवा बोली, गुजरी, भिली किंवा पावरी आणि अंगणवाडीत प्रमाण मराठी असेल, तर मूल लाजत नसून नवी भाषा कानात मुरवत असू शकते. ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांच्या कानावरची भाषा तर हंगामागणिक बदलते.

साधन देण्याआधी कान तपासून घ्यावेत. वरचेवर कान फुटणारे मूल नीट ऐकू न आल्यानेही बोलत नाही. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची तपासणी मोफत होते. ठरावीक ठिकाणचे मौन महिन्याहून जास्त टिकले (शाळेचा पहिला महिना यात धरत नाहीत) आणि भाषा येत असूनही तोंड उघडत नसेल, तर तो निवडक अबोलपणा असू शकतो. मानसिक विकारांच्या २०१३ च्या अमेरिकन वर्गीकरणात (DSM-5) तो चिंताविकारांमध्ये मोडतो. त्याला हट्ट समजून रागावणे उलटते. अशा मुलासाठी वाचा-भाषा तज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा.

सर्वांत उपयोगी साधन म्हणजे मुलाचा स्वतःचा मुद्रित आवाज. मुद्रण घरीच, त्याच्या माणसाजवळ, खेळता-खेळता आणि त्याला सांगून करावे. पंखा बंद ठेवावा, मोबाइल तोंडापासून वीतभर दूर धरावा; १० ते १५ सेकंद पुरतात. वाक्य घरच्या बोलीतलेच हवे : ‘माले पानी दे’, ‘माले घर जावानं शे’ (अहिराणीत ‘मला घरी जायचे आहे’). ते मुलाने आधी स्वतः ऐकावे. नको म्हटले तर त्याच्यासमोरच पुसून टाकावे. पुढे अंगणवाडीत सेविका खोलीच्या दुसऱ्या टोकाला आपल्या कामात असताना आईने ते लावावे. मग सेविका जवळ येते, नंतर वाजवण्याची कळ मूल दाबते, त्यानंतर आवाज कमी-कमी करत न्यायचा म्हणजे मूल त्याच्या जोडीने पुटपुटू लागते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी : माणूस, जागा किंवा आवाजाची पातळी. दोन गोष्टी एकदम बदलल्या की मूल पुन्हा गप्प होते, आणि साधन निकामी ठरल्याचा समज होतो.

दुसरी हमखास चूक कौतुकाची. ‘बोलला रे बोलला!’ असा गलका झाला की सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात आणि ज्याची भीती होती तेच घडते. मान हलवून, मागितलेले पाणी हातात द्यावे, एवढेच. मुद्रण पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे तर पूर्ण वर्ज्य.

बोलके बटण म्हणजे दाबल्यावर मुद्रित वाक्य ऐकवणारे, पेन्सिल सेलवर चालणारे छोटे यंत्र. एकावर एकच वाक्य मावत असल्याने पहिले बटण ‘आणखी’ किंवा ‘नको’चे ठेवावे, लघवीचे बटण चारचौघांत दाबायला मूल लाजते, त्यासाठी गळ्यात अडकवलेले, दाखवायचे चित्र बरे. स्वतःच्या आवाजाला मूल तयार नसेल, तर त्याच्याच वयाच्या भावंडाचा आवाज भरावा. मुलीच्या बटणातून काकांचा आवाज आला की इतर मुले हसतात. चित्रफलकावर ६ ते ८ चित्रे पुरेत, आणि चित्रात तांब्या, खाट, गोठा अशा ओळखीच्या वस्तू असाव्यात.

महागडी ॲप इथे फारशी कामी येत नाहीत. आवाज ओळखणाऱ्या प्रणाली प्रामुख्याने मोठ्यांच्या बोलण्यावर तयार झालेल्या; लहान मुलाची अहिराणी त्या चुकीची टिपतात, आणि आपले बोलणे ‘समजले नाही’ हे मुलाला यंत्राकडूनही ऐकावे लागते. शिवाय २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पडद्याची मर्यादा १ तास सांगितली आहे. मुद्रण ऐकताना पडदा बंद ठेवता येतो. उन्हाळ्यात जळगावकडे पत्र्याच्या खोलीत मोबाइल तापून बंद पडतो, म्हणून चित्रफलक सोबत हवाच.

पहिलीत जाताना बटण व चित्रे मुलासोबत द्यावीत. नव्या शिक्षकांसमोर मूल पुन्हा गप्प होणे अपेक्षितच असते. पायऱ्या खोलीच्या दुसऱ्या टोकापासून पुन्हा सुरू कराव्या लागतात.