श्वानांचे संप्रेरक-विकार आणि चिनी वनौषधी

कुत्र्याच्या अंतःस्रावी ग्रंथी बिघडल्यावर परंपरागत चिनी वैद्यकातील वनस्पती, बुरशी, खनिजे आणि काही प्राणिज द्रव्ये यांचे ठरलेले योग देऊन केलेला उपचार. त्यात प्रामुख्याने चार आजार येतात: अधिवृक्क म्हणजे ॲड्रिनल ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त पाझरल्याने होणारा कुशिंग, या ग्रंथींचे स्राव कमी पडल्याने होणारा ॲडिसन, अवटू म्हणजे थायरॉइड ग्रंथीची न्यूनता आणि मधुमेह. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांना जागा मिळाली, चिनी वैद्यकाला मिळाली नाही. त्यामुळे गोव्यातल्या हणजूण, मांद्रे, हरमल या किनारपट्टीवर ही औषधे दिसतात ती बहुधा कुणाच्या तरी प्रवासी बॅगेतून आलेली असतात, आणि पशुवैद्याला त्यांचा सुगावा सगळ्यात शेवटी लागतो.

‘हजारो वर्षांची परंपरा’ हे बाटलीवरचे वाक्य कुत्र्यांच्या बाबतीत अर्धेच खरे आहे. चीनमधले जुने पशुवैद्यक होते ते घोड्याबैलांचे. मिंग काळात, १६०८ च्या सुमारास, यू आडनावाच्या दोन भावांनी लिहिलेला अश्वचिकित्सेचा ग्रंथ त्यातला सर्वांत प्रसिद्ध. लष्कराचा घोडा आणि शेतीचा बैल हे धन होते, आपल्याकडच्या शालिहोत्र परंपरेसारखेच. पाळीव कुत्र्याच्या थायरॉइडसाठी चिनी काढा देणे हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, मुख्यतः अमेरिकेत रुजलेला प्रकार. मूळ योग माणसांचे, त्यांची मात्रा कुत्र्याच्या वजनाला बेतून घेतलेली.

गोव्याला मात्र चिनी औषध नवे नाही. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि हिंदुस्थानातल्या औषधी द्रव्यांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात ‘चीनच्या मुळी’ला स्वतंत्र प्रकरण आहे. ही मुळी म्हणजे चोपचिनी, फिरंग रोगावर म्हणजे उपदंशावर चीनमधून जहाजाने आलेली. त्याच शतकातल्या भावप्रकाश या वैद्यक ग्रंथात ती ‘द्वीपांतर वचा’ नावाने आली आणि बघता बघता आयुर्वेदाची झाली. आजही काष्ठौषधींच्या दुकानात चोपचिनी मागितली की तांबूस, गाठाळ, लाकडासारखे कडक तुकडे पुड्यात बांधून मिळतात, आणि विकणारा त्यांना परदेशी मानत नाही. दालचिनीच्या नावातही चीन आहेच. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला ओर्ताचे नाव आहे. तिथल्या बाकांवर बसणाऱ्यांपैकी किती जणांना तो मुळ्या हुंगत फिरणारा वैद्य म्हणून ठाऊक असेल, हा भाग वेगळा.

आजारांकडे वळू. कुशिंगचा कुत्रा मध्यमवयीन किंवा म्हातारा असतो. तो पाणी फार पितो, रात्री घरात मुततो, सतत भुकेला असतो, विश्रांतीतही धापा टाकतो. पोट मडक्यासारखे सुटते, दोन्ही कुशींवरचे केस सारख्याच आकारात झडतात, पोटाची कातडी इतकी पातळ होते की शिरा दिसतात. साधारण ८० ते ८५ टक्के कुत्र्यांत मूळ दोष मेंदूखालच्या पोष म्हणजे पिट्युइटरी ग्रंथीतल्या गाठीत असतो, उरलेल्यांत अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीत. याशिवाय एक मानवनिर्मित प्रकार आहे आणि तो गोव्यात लक्षात ठेवण्यासारखा. जून ते सप्टेंबर अंग कोरडे राहत नाही, खाज आणि खवडे वाढतात, आणि खाजेवर प्रेडनिसोलोनच्या गोळ्या किंवा दीर्घकाळ टिकणारी स्टेरॉइड इंजेक्शने पुन्हा पुन्हा दिली गेली की हुबेहूब कुशिंगचे चित्र उभे राहते. त्यावर उपाय स्टेरॉइड हळूहळू उतरवण्याचा. ते एकदम तोडले तर सुस्तावलेल्या अधिवृक्क ग्रंथी दगा देतात आणि कुत्रा उलट्या टोकाला, म्हणजे ॲडिसनसारख्या अवस्थेला जातो.

चिनी वैद्य ग्रंथीचे नाव घेत नाही. तो ‘मूत्रपिंडा’बद्दल बोलतो, पण हे मूत्रपिंड म्हणजे शरीरातला तो अवयव नव्हे. वाढ, प्रजनन, हाडे, पाणी आणि म्हातारपण यांचा एकत्र कारभार त्या शब्दात येतो, म्हणून संप्रेरकांचे आजार बहुतेक त्याच खात्यावर जमा होतात. कुशिंगमध्ये बहुधा ‘यिन’ म्हणजे शीत, ओलसर, पोषक बाजू आटल्याचे निदान होते, थायरॉइड न्यूनतेत ‘ची’ म्हणजे जीवनशक्ती आणि ‘यांग’ म्हणजे ऊब घटल्याचे. मधुमेहाला ‘श्याव-के’, झिजवणारी तहान, असे जुने नाव आहे. तपासणी तीन गोष्टींवर चालते. मांडीच्या आतल्या बाजूला दोन्हीकडे बोटे ठेवून नाडी पाहतात, जीभ पाहतात आणि कुत्रा ऊब शोधतो की गारवा हे विचारतात. लाल, कोरडी जीभ आणि बारीक, वेगवान नाडी म्हणजे यिन कमी. फिकट, ओली, सुजट जीभ म्हणजे यांग कमी. चाऊ-चाऊची जीभ जन्मानंतर काही आठवड्यांत निळी-काळी होते, तिथे ही पाटी कोरीच. गारव्याचा प्रश्नही गोव्यात फसवा आहे. मे महिन्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत यच्चयावत कुत्रे पडवीच्या लाल कोब्यावर पोट टेकून पसरलेले असतात. त्यावरून निदान करायचे तर साऱ्या गोव्याचे यिन आटलेले निघेल.

सर्वाधिक वापरला जाणारा योग ‘लिऊ-वेई दी-ह्वांग वान’, म्हणजे सहा द्रव्यांची गोळी. चीनच्या सोंग राजवटीतल्या च्येन यी या बालवैद्याने एका जुन्या आठ द्रव्यांच्या योगातली दालचिनी आणि बचनाग ही दोन उष्ण द्रव्ये काढून तो मुलांसाठी केला. वाफवून काळी केलेली रेहमानियाची मुळी आठ भाग, कॉर्नसचे आंबट-तुरट फळ आणि कोनफळाच्या कुळातला एक कंद प्रत्येकी चार, पाणथळीतल्या अलिस्माचा कंद, पिओनीच्या मुळाची साल आणि पाइनच्या मुळांवर वाढणारी पोरिया बुरशी प्रत्येकी तीन. बाजारात तो काळ्या मिऱ्याएवढ्या चकचकीत गोळ्यांच्या रूपात मिळतो. अंगात ‘खोटी उष्णता’ आहे असे वाटले की त्यात आणखी दोन द्रव्ये घालतात. त्यातल्या फेलोडेंड्रॉनच्या सालीत बर्बेरीन असते, आपल्या दारुहळदीतले तेच पिवळे, कडू द्रव्य. यिनच्याच एका जुन्या योगात कासवाच्या पोटाकडचे कवच लागते. भारतातल्या बहुतेक कासवांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण असल्याने ते द्रव्य इथे विषयाबाहेर.

सहा द्रव्यांच्या गोळीत ज्येष्ठमध नाही, आणि कुशिंगच्या कुत्र्याच्या दृष्टीने तिची ही सर्वांत मोठी जमेची बाजू. चिनी योगांत ज्येष्ठमध जवळजवळ मिठासारखे पडते. बाकीच्या द्रव्यांचे भांडण मिटवणारे म्हणून ते घालतात. ‘ची’ वाढवणारे आणि म्हणून थायरॉइड न्यूनतेत सुचवले जाणारे कितीतरी योग त्यावर उभे आहेत. आपल्या घरात ते घसा बसल्यावर चघळायची निरुपद्रवी काडी. पण मूत्रपिंडात एक विकर म्हणजे एन्झाइम असते, ते कॉर्टिसॉलला निष्क्रिय कॉर्टिसोन करून टाकते, म्हणजे कॉर्टिसॉल तिथल्या क्षारनियंत्रणात ढवळाढवळ करू शकत नाही. ज्येष्ठमधातले ग्लिसिऱ्हिझिन याच विकराला अडवते. मग सोडियम आणि पाणी अंगात साठते, पोटॅशियम घटते, रक्तदाब चढतो. कुशिंगच्या कुत्र्यात कॉर्टिसॉल मुळातच उतू जात असते आणि रक्तदाबही अनेकदा चढलेला असतो. तिथे हा पहारेकरी हटवणे म्हणजे आगीत तेल. हीच क्रिया उलट बाजूने उपयोगाची वाटू शकते: विसाव्या शतकाच्या मध्यावर हॉलंडमध्ये ॲडिसनच्या माणसांवर ज्येष्ठमधाचा अर्क वापरून पाहिला गेला. पण वाचवायला थोडे तरी कॉर्टिसॉल शिल्लक हवे. ज्याच्या ग्रंथी पूर्ण बसल्या त्या कुत्र्याला नुसत्या काडीने काही मिळत नाही. त्याला प्रेडनिसोलोन आणि क्षार सांभाळणारे संप्रेरक आयुष्यभर द्यावे लागते, आणि अचानक कोसळला तर आधी शिरेतून सलाईन.

मधुमेहातली गल्लत वेगळी आहे. बर्बेरीनने माणसाची साखर उतरते असे दाखवणारे अभ्यास आहेत, पण ते प्रौढपणी होणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहावरचे. कुत्र्याच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशीच सहसा संपलेल्या असतात. १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला तोही स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून. म्हणून इन्सुलिन बंद करून काढ्यावर ठेवलेला कुत्रा काही दिवसांत अत्यवस्थ होतो. इन्सुलिन चालू ठेवून वर काढा दिला तर साखर बेसुमार उतरण्याचा धोका: कुत्रा झिंगल्यासारखा चालतो, थरथरतो, झटके येतात. अशा वेळी हिरड्यांना मध चोळत दवाखाना गाठावा. गुडमार आणि कारल्याच्या घरगुती प्रयोगांनाही हेच लागू, ते आपले आहेत म्हणून सुटत नाहीत.

थायरॉइड न्यूनतेवर समुद्री शेवाळाचे चिनी योग सुचवले जातात. ते मूळचे आयोडीनच्या कमतरतेने होणाऱ्या गलगंडावरचे. कुत्र्याची ग्रंथी मात्र बहुधा स्वतःच्याच पांढऱ्या पेशींच्या हल्ल्याने किंवा आपोआप सुकून जाते, आणि बांगड्याचे डोके भातात कालवून खाणाऱ्या कुत्र्याला आयोडीन कमी पडण्याचे कारण नसते; जास्तीचे आयोडीन उरलीसुरली ग्रंथीही बिघडवू शकते. काही योगांत कालवाच्या शिंपल्यांची पूड असते. त्यातले कॅल्शियम लेव्होथायरॉक्सिन या थायरॉइडच्या नेहमीच्या औषधाला आतड्यातच बांधून ठेवते, म्हणून दोन्हींत काही तासांचे अंतर हवे. बचनागाचे योग यांग वाढवायला देतात. शोधन कच्चे राहिले तर हृदयाचा ठोका चुकतो, हे आपल्या वैद्यांना सांगायला नको.

परिणामांचा हिशेब करायचा तर या योगांमागे कुत्र्यांवरच्या मोठ्या, नियंत्रित चाचण्यांचे बळ नाही. कुशिंगसाठी ट्रायलोस्टेन, थायरॉइडसाठी लेव्होथायरॉक्सिन यांच्या जागी त्यांना बसवण्याजोगे काही हाती नाही. मुख्य औषध चालू ठेवून, पशुवैद्याच्या नजरेखाली, भूक किंवा तरतरी सुधारण्यापुरते ते जोडीला देणारे आहेत, आणि सावध वैद्य तेवढेच म्हणतात. भेसळीचा प्रश्न तर पद्धतीच्याही आधीचा. लंडनमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत त्वचेवरच्या ११ चिनी ‘वनौषधी’ मलमांपैकी ८ मध्ये डेक्सामेथासोन हे तीव्र स्टेरॉइड निघाले. खाज थांबली म्हणून ज्या मलमाचे कौतुक व्हायचे, तेच लावत राहिल्याने कुशिंगचे चित्र उभे राहू शकते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या गोळ्यांत एका मुळीच्या जागी ॲरिस्टोलोकिया आली आणि शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे बिघडली. दोन्ही द्रव्यांचे चिनी नाव जवळपास एकच होते.

म्हणून दवाखान्यात जाताना गोळ्यांची बाटली, तिचे खोके आणि आतला चिठोरा सोबत न्यावा, मजकूर चिनी असला तरी. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे पाण्याचा हिशेब. दिवसाला किलोमागे १०० मिलीलिटरपेक्षा जास्त पाणी, म्हणजे १२ किलोच्या कुत्र्याने सव्वा लिटरच्या आसपास प्यायले तर ते जादा समजतात. सकाळी एक लिटरची बाटली भरून भांड्यात ओतावी, संपली की पुन्हा मोजून भरावी, दुसऱ्या सकाळी उरलेले वजा करावे, असे सलग तीन दिवस. भांडे अंगणात ठेवू नये. कावळे आणि शेजारची मांजरे त्यातले पितात, आणि जूनपासून पाऊस त्यात भर घालतो.