गिरण्यांच्या जमिनीत ‘मोकळी’ कोणती?

मुंबईच्या गिरणी कामगारांच्या घरांची बातमी आली की 1982चा संप निघतोच. 18 जानेवारीला अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पगारवाढ, बदलीवाल्यांना (गैरहजर कामगाराच्या जागी रोजापुरते घेतले जाणारे) कायम करणं आणि एकाच मान्यताप्राप्त युनियनच्या हाती बोलणी सोपवणारा 1946चा कायदा रद्द करणं, या मागण्या होत्या. संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. गिरणगावात हे सगळं पाठ आहे. आजचं घरांचं भांडण मात्र संपापेक्षा जमिनीच्या एका नियमातून जास्त उगवलं आहे.

ताडदेवला पहिली गिरणी 1850च्या दशकात सुरू झाली. पुढच्या शंभर वर्षांत लालबाग, परळ, वरळी, भायखळा गिरण्यांनी भरून गेले. 1890मध्ये रविवारची सुट्टी मिळाली, 1928मध्ये सहा महिन्यांचा संप झाला. तो काळ वेगळाच. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी चित्र असं, की कापडात पैसा नाही आणि सुमारे 600 एकर जागा शहराच्या मधोमध.

1991च्या विकास नियमावलीत नियम 58 आला. गिरणीच्या जमिनीचे ढोबळ तीन वाटे करायचे: एक मैदानं-बागांसाठी महापालिकेला, एक सरकारी घरांना, एक मालकाला. दोन वाटे सोडायला मालक सहसा पुढे आले नाहीत.

मग 2001ची दुरुस्ती झाली आणि वाटप फक्त ‘मोकळ्या’ जमिनीपुरतं उरलं. खरी गोम इथे आहे. गिरणीत मोकळं असतं काय? गेटामागचा चौक, चिमणीभोवतीचं आवार, एखादा हौद. बाकी सगळं साचे खात्याच्या, म्हणजे मागांच्या, बैठ्या शेडखाली. शेड पाडली की उरते ती जमीन मोकळी नव्हे काय? चाळीतल्या कोणालाही विचारा, तो हो म्हणेल. नियमाच्या भाषेत मात्र बांधकाम पाडून रिकामी झालेली जागा मोकळ्यात धरली गेली नाही. ती मालकाकडे राहिली, वर तिथे नव्याने बांधायची मुभा. गंमत म्हणजे कामगारांच्या घरांची तरतूद याच दुरुस्तीतून आली. हक्क लिहिला गेला आणि ज्यातून तो द्यायचा तो वाटाच आक्रसला.

प्रकरण कोर्टात गेलं. 2005मध्ये उच्च न्यायालयाने शहराच्या बाजूचा अर्थ उचलून धरला. पाडलेल्या शेडखालची जमीनही वाटपात धरायची, असा. मार्च 2006मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. शहराला पैसा हवा, आजारी गिरण्यांची देणी भागवायला हवीत, हे युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हते. पण शब्दाचा सरळ अर्थ पाहिला तर पहिला निकालच पटतो, असं माझं मत आहे.

त्यानंतर घरं आली ती तुकड्यातुकड्याने. जून 2012मध्ये 6,925 घरांची सोडत निघाली. घर 225 चौरस फुटांचं, तेही मोफत नव्हे, आणि अर्जदार लाखाच्या वर. 2016मध्ये पनवेलजवळच्या कोनमधल्या घरांची सोडत निघाली. उरलेल्यांपुढे आता शेलू आणि वांगणी ठेवली आहेत: बदलापूरच्याही पुढची, कर्जत मार्गावरची दोन स्टेशनं.