औषधप्रचार आणि औषधचिठ्ठीवरील त्याचा प्रभाव

औषध कंपन्यांकडून डॉक्टरांपर्यंत पोहोचणारी माहिती, भेटवस्तू, मानधने, नमुना औषधे व संशोधनसाहाय्य यांचा डॉक्टरांच्या औषधनिवडीवर होणारा परिणाम, तसेच या प्रचारात घडणारे कायद्याचे व व्यावसायिक नीतीचे उल्लंघन, हा या नोंदीचा विषय आहे. चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाची निवड करणारा त्याची किंमत देत नाही आणि किंमत देणाऱ्याला निवडीचा अधिकार नसतो; त्यामुळे विक्रीचा सारा भर चिठ्ठी लिहिणाऱ्यावर येतो. लाच, खोटी माहिती, दडवलेले चाचणी-निष्कर्ष आणि मान्यता नसलेल्या विकारांसाठी केलेला प्रचार हे गैरव्यवहाराचे उघड प्रकार होत. मात्र अनुज्ञेय प्रचार आणि गैरव्यवहार यांमधील सीमारेषा देशपरत्वे व काळपरत्वे बदलत आली आहे. उपलब्ध पुरावा पाहता, प्रभावाचा बराच मोठा भाग त्या रेषेच्या अलीकडे, म्हणजे नियमांत बसणाऱ्या व्यवहारांतूनच निर्माण होतो, असे मानण्यास आधार आहे.

उगम : डॉक्टरांना उद्देशून होणाऱ्या प्रचाराचा आरंभ केव्हा मानावा, याबाबत दोन मांडण्या आढळतात. पहिलीनुसार ही प्रथा दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे. अमेरिकेत १९३८ च्या अन्न, औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्यानंतर काही औषधे केवळ चिठ्ठीवर देण्याची पद्धत नियमांद्वारे सुरू झाली आणि १९५१ च्या डरहॅम-हम्फ्री दुरुस्तीने तिला वैधानिक रूप मिळाले. याच सुमारास प्रतिजैविके, स्टेरॉइडे व शामके एकापाठोपाठ बाजारात आली. ग्राहकाला थेट विकता न येणारा, पण नफा देणारा माल हाती आल्यावर कंपन्या डॉक्टरांकडे वळल्या, असे ही मांडणी सांगते. दुसरी मांडणी आरंभबिंदू एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मागे नेते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या १८४७ च्या नीतिसंहितेने गुप्त घटकांच्या औषधांचा निषेध केला होता. त्यानंतर आपल्या औषधांचे घटक जाहीर करून केवळ डॉक्टरांसाठीच जाहिरात करणाऱ्या कंपन्यांचा एक वर्ग ‘नीतिनिष्ठ’ म्हणून वेगळा ओळखला जाऊ लागला. आपला माल डॉक्टरांना समजावून सांगणारे फिरते प्रतिनिधी याच कंपन्यांनी नेमले.

दुसरी मांडणी अधिक ग्राह्य वाटते, कारण कंपनी आणि वैद्यकव्यवसाय यांच्यातील परस्परावलंबन कायद्याने निर्माण केले नाही. ते आधीच रुजलेले होते आणि कायद्याने त्याला मोठी बाजारपेठ मिळवून दिली. याच असोसिएशनने १९०५ मध्ये औषधांची छाननी करणारी परिषद स्थापन केली. परिषदेने स्वीकारलेल्या औषधांच्याच जाहिराती असोसिएशनच्या नियतकालिकात छापण्याचे बंधन होते. स्वीकृतिमुद्रेची ही योजना १९५५ मध्ये बंद झाली आणि त्यानंतर जाहिरातींचे उत्पन्न वाढत गेले. सिनेटर एस्टेस केफॉव्हर यांच्या उपसमितीने डिसेंबर १९५९ मध्ये सुरू केलेल्या सुनावण्यांत किमतींबरोबर प्रचाराचाही प्रश्न पुढे आला. परंतु सुधारणेला बळ मिळाले ते थॅलिडोमाइडच्या दुर्घटनेमुळे; गर्भवतींनी घेतलेल्या या शामक औषधामुळे अनेक अर्भके गंभीर व्यंगे घेऊन जन्मली होती. १९६२ च्या केफॉव्हर-हॅरिस दुरुस्तीने औषधाची परिणामकारकता सिद्ध करणे बंधनकारक केले आणि चिठ्ठीवरील औषधांच्या जाहिरातींचे नियंत्रण अन्न व औषध प्रशासनाकडे सोपवले.

थॅलिडोमाइड प्रकरणातील एक बाब या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली नव्हती, तरी रिचर्डसन-मेरेल या कंपनीने ‘चाचणी’ म्हणून हजारांहून अधिक डॉक्टरांना २५ लाखांवर गोळ्या वाटल्या आणि त्या सुमारे २०,००० रुग्णांपर्यंत पोहोचल्या. चाचणीच्या नावाखाली डॉक्टरांच्या हाताला औषधाची सवय लावण्याचे हे तंत्र पुढे ‘पेरणी-चाचणी’ म्हणून ओळखले गेले. गॅबापेंटिन या अपस्मारावरील औषधाची ‘स्टेप्स’ चाचणी हे त्याचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण आहे. तीत ७७२ डॉक्टरांनी मिळून २,७५९ रुग्ण घेतले, म्हणजे प्रत्येक डॉक्टरमागे सरासरी चारही नव्हते. न्यायालयीन खटल्यात खुल्या झालेल्या कागदपत्रांच्या आधारे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसले की, तिचा एक प्रमुख हेतू सहभागी डॉक्टरांकडून औषधाचा वापर वाढवणे हा होता. म्हणजे नोंदवहीत रुग्ण असले, तरी प्रयोगविषय डॉक्टरच होते. रोफेकॉक्सिब या वेदनाशामकाच्या ‘ॲडव्हान्टेज’ चाचणीविषयीही २००८ मध्ये असाच निष्कर्ष निघाला. तिची आखणी कंपनीच्या विपणन विभागाने केली होती.

प्रमुख प्रकरणे : गॅबापेंटिनला १९९३ च्या अखेरीस अपस्मारावरील पूरक औषध म्हणून मान्यता मिळाली होती, प्रचार मात्र वेदना, द्विध्रुवी विकार, अर्धशिशी अशा इतर अनेक विकारांसाठी झाला. उत्पादक कंपनीतून बाहेर पडलेल्या डेव्हिड फ्रँकलिन यांनी १९९६ मध्ये जागल्याच्या भूमिकेतून दावा दाखल केला आणि २००४ मध्ये वॉर्नर-लॅम्बर्ट या उत्पादक कंपनीने गुन्हा कबूल करून ४३ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. त्यानंतरच्या तडजोडींच्या रकमा वाढत गेल्या. फायझरने २००९ मध्ये २३० कोटी डॉलर भरले. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने २०१२ मध्ये पॅरॉक्सेटिन या नैराश्यविरोधी औषधासह अनेक औषधांच्या प्रकरणांत ३०० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. एवढ्या रकमाही संबंधित औषधांच्या विक्रीपुढे व्यवसायाचा एक खर्च ठरल्या, अशी टीका सातत्याने होत आली आहे.

ऑक्सिकोडोनच्या दीर्घकाल स्रवणाऱ्या गोळीचे प्रकरण परिणामांच्या दृष्टीने सर्वांत गंभीर म्हणावे लागेल. ऑक्सिकॉन्टिन या नावाने १९९६ मध्ये विक्रीस आलेल्या या गोळीच्या मूळ माहितीपत्रकात, संथ शोषणामुळे गैरवापराची शक्यता कमी होते असे मानले जाते, अशा आशयाचे वाक्य होते. प्रतिनिधींनी त्याचा आधार घेऊन व्यसनाचा धोका क्षुल्लक असल्याचे सांगितले. वेदनाशामक अफूजन्य औषधांचे व्यसन क्वचितच लागते, या दाव्यासाठी १९८० मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापलेले पाच वाक्यांचे पत्र वारंवार पुढे केले जाई. ते रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांविषयी होते. घरी दीर्घकाळ चालणाऱ्या उपचारांशी त्याचा संबंध नव्हता. २०१७ मध्ये केलेल्या मोजणीत त्या पत्राचे ६०८ उल्लेख आढळले. उत्पादक पर्ड्यू समूहातील कंपनीने २००७ मध्ये दिशाभूल करणाऱ्या प्रचाराचा गुन्हा कबूल केला आणि २०२० मध्ये पर्ड्यू फार्माने पुन्हा गुन्ह्याची कबुली दिली.

पुराव्यातील विकृती : डॉक्टर प्रचाराकडे पाठ फिरवून केवळ प्रकाशित संशोधनावर विसंबला, तरी तो प्रभावमुक्त होतो असे नाही. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदलेल्या नैराश्यविरोधी औषधांच्या ७४ चाचण्यांचा मागोवा २००८ मध्ये घेण्यात आला. प्रशासनाच्या दृष्टीने ३८ चाचण्या अनुकूल होत्या व त्यांपैकी ३७ प्रकाशित झाल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ प्रकाशितच झाल्या नाहीत आणि ११ अनुकूल भासतील अशा रीतीने मांडल्या गेल्या. परिणामी, निम्म्याच चाचण्या अनुकूल असताना प्रकाशित साहित्य वाचणाऱ्याला सुमारे ९४ टक्के अनुकूल दिसत होत्या. पॅरॉक्सेटिनची किशोरवयीनांवरील ‘३२९’ क्रमांकाची चाचणी २००१ मध्ये औषध परिणामकारक व सुसह्य असल्याच्या निष्कर्षासह छापली गेली. मूळ विदेचे (डेटाचे) स्वतंत्र पुनर्विश्लेषण २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा परिणामकारकता आढळली नाही आणि हानी वाढलेली दिसली. रोफेकॉक्सिबच्या ‘व्हिगर’ चाचणीच्या २००० मधील लेखात हृदयविकाराच्या तीन झटक्यांची नोंद नव्हती, हे औषध सप्टेंबर २००४ मध्ये बाजारातून मागे घेतल्यानंतर उघड झाले. कंपनीने नेमलेल्या व्यावसायिक लेखकाने मसुदा तयार करायचा आणि नामवंत तज्ज्ञाने लेखक म्हणून नाव द्यायचे, ही प्रच्छन्न लेखनाची प्रथा संप्रेरक-पूरक उपचारांसंबंधी २००९ मध्ये खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून तपशिलाने ज्ञात झाली आहे.

प्रभावाचे स्वरूप व कार्यकारणभावाचा वाद : आपल्यावर प्रचाराचा परिणाम होत नाही, अशी बहुतेक डॉक्टरांची प्रामाणिक समजूत असते. जेरी एव्हॉर्न व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये याची मार्मिक परीक्षा घेतली. वैज्ञानिक साहित्य ज्यांना निरुपयोगी ठरवत होते, पण जाहिराती ज्यांची भलावण करत होत्या, अशी दोन प्रकारची औषधे त्यांनी निवडली. डॉक्टरांनी आपण वैज्ञानिक स्रोतांवर विसंबतो असे सांगितले. त्यांची मते मात्र बऱ्याच प्रमाणात जाहिरातींशी जुळत होती. प्रशिक्षणार्थी डॉक्टरांच्या २००१ मधील एका पाहणीत ६१ टक्क्यांनी आपल्यावर प्रभाव पडत नाही असे म्हटले, परंतु इतर डॉक्टरही तसेच अलिप्त राहतात असे मानणारे केवळ १६ टक्के होते. जेसन डाना व जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी २००३ मध्ये केलेल्या मांडणीनुसार असा पक्षपात नकळत होत असल्याने प्रामाणिकपणा किंवा सावधपणा हा त्यावर पुरेसा उपाय ठरत नाही.

छोट्या लाभाचाही संबंध दिसतो. सुमारे २ लाख ८० हजार अमेरिकी डॉक्टरांच्या नोंदींवरील २०१६ च्या अभ्यासात, सरासरी २० डॉलरांहून कमी किमतीचे एकच जेवण घेतलेल्या डॉक्टरांकडूनही प्रचारित नाममुद्रेच्या औषधाच्या चिठ्ठ्या अधिक प्रमाणात लिहिल्या गेल्याचे आढळले आणि जेवणांची संख्या वाढली तसे हे प्रमाणही वाढत गेले. येथेच मुख्य वाद उभा राहतो. कंपन्यांच्या बाजूने असे म्हटले जाते की, ज्या डॉक्टरांचा औषधाकडे कल आधीच आहे त्यांनाच प्रतिनिधी अधिक भेटतात. त्यामुळे भेट हे कारण नसून लक्षण असू शकते. हा आक्षेप सहज झटकता येण्याजोगा नाही, कारण कोणता डॉक्टर काय लिहितो याची विदा कंपन्या विकत घेतात आणि त्यानुसारच भेटींचे नियोजन होते. अशा विदाविक्रीवर बंधन घालणारा व्हरमाँट राज्याचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला.

आक्षेपाची पारख करण्यासाठी भेटींवर निर्बंध आल्यानंतर काय घडते, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. प्रतिनिधींच्या प्रवेशावर बंधने घालणाऱ्या १९ शैक्षणिक वैद्यकीय केंद्रांच्या २०१७ मधील अभ्यासात प्रचारित औषधांचा हिस्सा तुलना-गटाच्या मानाने १.६७ टक्के-बिंदूंनी घटला. परिणाम माफक होता व सर्व केंद्रांत सारखा नव्हता. पण दिशा अपेक्षित तीच होती. ॲरन मिचेल व सहकाऱ्यांच्या २०२१ च्या आढाव्यात ३६ अभ्यास तपासले गेले. त्यांपैकी ३० अभ्यासांच्या सर्व विश्लेषणांत मोबदला आणि औषधनिवड यांचा संबंध आढळला, ६ मध्ये निष्कर्ष संमिश्र होते आणि संबंध अजिबात न आढळलेला अभ्यास एकही नव्हता. परिणामाचा आकार विवाद्य असला तरी त्याचे अस्तित्व आता गंभीरपणे नाकारले जात नाही. प्रचारावर दरवर्षी खर्च करणाऱ्यांनी या वादात स्वतःचे हिशेब पुराव्यादाखल मांडले असते, तर तो बहुधा इतका लांबला नसता.

नियंत्रण : ब्रिटनमधील उद्योगसंघटनेची संहिता १९५८ पासून, तर आंतरराष्ट्रीय उद्योगमहासंघाची १९८१ पासून अस्तित्वात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८८ मध्ये औषधप्रचाराचे नैतिक निकष प्रसिद्ध केले. ते बंधनकारक नाहीत. फ्रान्समध्ये बेनफ्लुओरेक्स हे औषध १९७६ ते २००९ या काळात विक्रीत होते आणि मधुमेहासाठी मान्यता असतानाही भूक मारण्यासाठी सर्रास लिहिले जाई. त्याच्या हानीचे प्रकरण फुप्फुसविकारतज्ज्ञ इरेन फ्राशों यांनी उजेडात आणल्यावर २०११ च्या अखेरीस मोबदल्यांच्या सार्वजनिक नोंदीचा कायदा झाला. अमेरिकेत अशीच तरतूद २०१० मध्ये झाली आणि पहिली माहिती ३० सप्टेंबर २०१४ रोजी खुली झाली. वर उल्लेखिलेल्या अभ्यासांपैकी बरेचसे याच नोंदींमुळे शक्य झाले आणि म्हणूनच या विषयावरील ज्ञान अमेरिकेकडे झुकलेले आहे. भारतात भारतीय वैद्यक परिषदेने डिसेंबर २००९ मध्ये डॉक्टरांना भेटवस्तू, प्रवास व आतिथ्य स्वीकारण्यास मनाई केली. कंपन्यांसाठीची विपणनसंहिता जानेवारी २०१५ पासून ऐच्छिक स्वरूपात लागू झाली आणि मार्च २०२४ मध्ये तिची नवी आवृत्ती अधिसूचित झाली. डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंवरील खर्च आयकरातून वजावटीस पात्र नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ॲपेक्स लॅबोरेटरीज प्रकरणात दिला.

प्रकटीकरणाने संशोधकांना विदा मिळते. डॉक्टरांचे वर्तन सुधारते की नाही, हा निराळा प्रश्न आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, आपला हितसंबंध जाहीर करणाऱ्या सल्लागारांनी उलट अधिक पक्षपाती सल्ला दिल्याचे दिसले. प्रतिनिधींचीच पद्धत उसनी घेऊन निःपक्ष माहिती पोहोचवण्याचा मार्ग तुलनेने आशादायक ठरला आहे. एव्हॉर्न व स्टीफन सुमेराय यांच्या १९८३ च्या यादृच्छिक चाचणीत, प्रशिक्षित औषधशास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष भेटून माहिती दिलेल्या डॉक्टरांकडून लक्ष्य औषधांचा वापर १४ टक्क्यांनी कमी झाला. केवळ छापील पत्रके पाठवलेल्या गटात लक्षणीय बदल झाला नाही. ऑस्ट्रेलियाने १९९८ मध्ये स्थापन केलेल्या औषधचिठ्ठीविषयक राष्ट्रीय सेवेमार्फत हे तत्त्व देशपातळीवर वापरले; शासकीय निधी थांबल्यामुळे ती संस्था २०२२ च्या अखेरीस बंद झाली.