'मित्र' परका, 'शत्रू' परका: १७९८ चे दोन अमेरिकी कायदे

एलियन फ्रेंड्स ॲक्ट २५ जून १७९८ चा, एलियन एनिमीज ॲक्ट ६ जुलैचा. मध्ये अकरा दिवस. नावांवरून वाटतं, पहिला सौम्य आणि दुसरा जहाल. अन्याय मात्र 'मित्रां'च्या कायद्यातच जास्त होता.

इथे 'फ्रेंड' म्हणजे ज्याच्या देशाशी युद्ध चालू नाही असा कुठलाही परदेशी. तो धोकादायक आहे असं राष्ट्राध्यक्षांना वाटलं, किंवा कटाचा संशय आला, की देश सोडण्याचा हुकूम. खटला नाही, ज्युरी नाही. आपण निरुपद्रवी आहोत हे पटवून परवाना मिळवायचा, तर तेही राष्ट्राध्यक्ष सांगतील त्याच माणसांपुढे. हुकूम मोडून राहिलेला सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि नागरिकत्व कायमचं बंद. जहाजाच्या कप्तानानं बंदरात उतरताच परदेशी प्रवाशांची लेखी यादी द्यायची: नाव, वय, जन्मस्थान, कुठून आला, कोणत्या राष्ट्राचा, धंदा काय, दिसतो कसा. चुकला तर ३०० डॉलर दंड.

रोख होता फ्रेंच आणि आयरिश लोकांवर. ही मंडळी उद्या जेफरसनच्या विरोधी पक्षाला मतं देणार, ही सत्ताधारी फेडरलिस्टांची खरी पोटदुखी. म्हणून तर आठवडाभर आधीच नागरिकत्वासाठी लागणारं वास्तव्य ५ वर्षांवरून १४ वर्षांवर नेलं होतं.

एनिमीज ॲक्टला संशय पुरत नाही. जाहीर युद्ध, आक्रमण किंवा लुटारू घुसखोरी हवी, शिवाय राष्ट्राध्यक्षांची जाहीर घोषणा हवी. मग शत्रुराष्ट्राच्या, नागरिकत्व न मिळालेल्या १४ वर्षांवरील पुरुषांना पकडता किंवा हाकलता येतं (स्त्रिया १९१८ मध्ये आल्या). त्यात न्यायालयीन सुनावणीचीही सोय आहे. फ्रान्सशी समुद्रावर चकमकी झाल्या, पण युद्ध जाहीर झालंच नाही, त्यामुळे तेव्हा हा कायदा वापरता आला नाही. तो पहिल्यांदा वापरला गेला १८१२ मध्ये, ब्रिटनशी युद्ध पेटल्यावर. आयरिश माणूस कागदोपत्री ब्रिटिश प्रजाजन, म्हणजे इंग्रजांना कंटाळून आलेलाच आता 'शत्रू' ठरला!

फ्रेंड्स ॲक्टची मुदत दोनच वर्षांची. १८०० मध्ये तो संपला. त्याखाली एकालाही हद्दपार केलं गेलं नाही, पण धास्तीनं बरेच फ्रेंच आपणहून निघून गेले. 'ते जुने कायदे केव्हाच रद्द झाले' असं सर्रास म्हटलं जातं, ते चूक. एनिमीज ॲक्टला मुदतच नव्हती. दोन्ही महायुद्धांत तो वापरला गेला आणि मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी व्हेनेझुएलाच्या एका टोळीचं नाव घेत तोच पुढे केला. युद्ध नसल्यानं त्यांना 'आक्रमण' आणि 'घुसखोरी' या शब्दांचा आधार घ्यावा लागला.

आणखी एक गल्लत: दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकी नागरिकांना छावण्यांत डांबलं ते या कायद्याखाली नव्हे, रूझवेल्ट यांच्या ९०६६ क्रमांकाच्या आदेशानंतर. हा कायदा नागरिकांना लागूच होत नाही.