‘मातृभाषा’च्या रकान्यातलं सोलापूर

2011 च्या जनगणनेला आमच्या गल्लीत, सोलापूरच्या पूर्व भागात, एक शाळेचे गुरुजी फॉर्म घेऊन फिरत होते. शेजारच्या ओसरीवर आजी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. पत्र्याच्या मापाने पाला कापायचा, चिमूटभर तंबाखू पसरायची, अंगठ्याने गुंडाळी करायची, दोरा मारायचा. पंचवीस झाल्या की एक कट्टा. हात न थांबवता त्या म्हणाल्या, “तेलुगू.” नववीतला नातू आतून ओरडला, “सर, माझी मराठी लावा.” गुरुजींनी त्याला विचारलं, “लहानपणी आई तुझ्याशी कोणत्या भाषेत बोलायची?” पोरगं क्षणभर थांबलं. गुरुजींनी तेलुगू लिहिलं.

गुरुजींनी नियमच पाळला. जनगणनेच्या व्याख्येत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई मुलाशी जी भाषा बोलली ती, आणि आई लवकर गेली असेल तर त्या काळी घरात मुख्यतः जी बोलली जायची ती. आज आपण कोणती भाषा बोलतो, कोणत्या भाषेत शिकतो, स्वप्नं कोणत्या भाषेत पडतात, याचा इथे संबंध नाही. नीट पाहिलं तर हा प्रश्न मुळात कुळाचा आहे, तो फक्त आईच्या बाजूने विचारलेला असतो.

आता 1 मार्च 2027 हा संदर्भ दिवस धरून पुन्हा मोजणी होणार आहे आणि 1931 नंतर प्रथमच सगळ्या जाती नोंदवल्या जाणार आहेत. आकडे आले की शहराशहरांच्या तुलना सुरू होतील. मुंबईत मराठी किती उरले, बंगळूरुत कन्नड किती, सोलापुरात तेलुगू किती. या तुलना वाचण्याआधी ते रकाने कसे भरले गेले आणि ही माणसं कशी आली, हे माहीत असावं म्हणून ही पार्श्वभूमी.

जगातली मोठी शहरं आपली माणसं वेगवेगळ्या चाळणीने चाळतात. अमेरिकेत 1790 च्या पहिल्या जनगणनेपासून वर्ण मोजला जातो. ‘तुमचे पूर्वज कुठले’ हा प्रश्न तिथे 1980 मध्ये आला. शिकागोतले पोलिश किंवा न्यूयॉर्कमधले इटालियन यांचे आकडे त्या प्रश्नातून निघतात. ब्रिटनमध्ये वांशिक गटाचा प्रश्न 1991 पासून आहे. लंडनमध्ये ‘गोरे ब्रिटिश’ 2011 मध्ये 44.9 टक्के होते, 2021 मध्ये ते 36.8 वर आले. कॅनडात एकाहून जास्त मूळ लिहिता येतं. फ्रान्समध्ये सरकारी जनगणना वंश विचारतच नाही, त्यामुळे पॅरिसची लंडनशी अशी तुलना करता येत नाही. आपल्याकडे धर्म, अनुसूचित जाती-जमाती, जन्मस्थान आणि मातृभाषा एवढंच विचारलं जात आलं. म्हणून सोलापूरसारख्या शहराचं कूळ शोधायचं तर मातृभाषेचा रकानाच हाती लागतो.

या रकान्यातली सोलापूरची सगळ्यात जुनी नोंद कन्नड म्हणावी लागेल. बाराव्या शतकातले संत सिद्धरामेश्वर सोन्नलगीचे, म्हणजे याच गावचे. त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत पांढरी बाराबंदी घालून माणसं नंदीध्वज पेलतात आणि ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ असा घोष उठतो, तेव्हा त्यात मराठी कुठे संपली आणि कन्नड कुठे सुरू झाली हे कुणी विचारत नाही. मानाच्या सात नंदीध्वजांपैकी काहींचा मान वीरशैवांकडे, काहींचा मातंग समाजाकडे. कन्नड बोलणारे सोलापूरकर बाहेरून ‘आले’ असं म्हणणं इतिहासाला धरून नाही. ते होते तिथेच होते, सरहद्दच नंतर आखली गेली. भाषावार राज्यं झाली, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुके महाराष्ट्रात राहिले, आणि 1967 मध्ये महाजन आयोगाने इकडची काही गावं कर्नाटकाला द्यावीत अशी शिफारस केली तेव्हा तो वाद पुन्हा पेटला. अक्कलकोट रस्त्याने एस.टी.त बसलं की आजही तिकीट मराठीत मागायचं आणि शेजारणीशी गप्पा कन्नडमध्ये मारायच्या, हे रोजचं आहे.

भुईकोट किल्ला बहमनी काळातला. पुढे तो अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्यातल्या भांडणाचं कारण झाला. चांदबिबीच्या लग्नात सोलापूर आंदण म्हणून गेलं ही गोष्ट इथल्या शाळकरी मुलांनाही माहीत असते. त्या काळाने शहराला दख्खनी बोली दिली. आज रकान्यात ती उर्दू म्हणून लिहिली जाते, पण विजापूर वेशीत ऐकू येणारी भाषा लखनौची नाही, ती इथल्या मातीतली आहे.

1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रजांचा तळ पडला. त्या तळाचा भाग अजून ‘लष्कर’च म्हणवतो. छावणीबरोबर, तिच्या कामांसाठी आलेली माणसं तिथे वसली. लोधी गल्ली, बेडर पूल ही नावं तेवढी सांगायला पुरेशी आहेत. जांबमुनींना मानणारा मोची समाजही त्याच परिसरातला.

पण आजच्या सोलापूरचा चेहरा घडवला तो तीन गोष्टींनी: रेल्वे, दुष्काळ आणि गिरणी. पुण्याकडून रेल्वे 1860 मध्ये सोलापूरला पोहोचली आणि 1871 मध्ये रायचूरपर्यंत गेली. 1876 चा मोठा दुष्काळ पडला. 1877 मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल निघाली, तिलाच लोक जुनी गिरणी म्हणतात. पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. भोंगा झाला की शहर जागं व्हायचं.

निजामाच्या राज्यातल्या तेलंगणात, करीमनगर, वरंगळ, नलगोंडा, महबूबनगर या भागांत, पद्मशाली विणकरांचे हातमाग होते. गिरणीच्या कापडाने त्यांचा बाजार मारला, पाऊस दगा द्यायचा, सावकाराचं देणं फिटत नव्हतं. सोलापुरात गिरणीचं सूत हाताशी मिळत होतं, उधारीवर सूत देणारे व्यापारी होते, लुगड्यांना गिऱ्हाईक होतं. एक जण आला, त्याने मेहुण्याला बोलावलं, मेहुण्याने गाववाल्याला. पथारी मागाशेजारीच. साखर पेठ, दाजी पेठ, कन्ना चौक, अशोक चौक असा सगळा पूर्व भाग असाच भरत गेला. शिकागोच्या कत्तलखान्यांत आणि पोलाद कारखान्यांत पोलिश माणसं गेली तीही याच रीतीने, नातलगाच्या शब्दावर. त्यामुळे शहरांची तुलना करताना मी टक्केवारीआधी कामाचं नाव विचारतो. कुठल्या कामाने कुणाला बोलावलं हे कळलं की आकडा आपोआप बोलू लागतो.

1901 मध्ये सोलापूरची लोकसंख्या 75,288 होती, 2011 मध्ये 9,51,558. हातमागाचे यंत्रमाग झाले, त्यावर नक्षी विणणारं जेकॉर्ड चढलं, लुगड्याच्या जागी चादर आणि टॉवेल आले. पुरुष मागावर, बायका विडीला, असं घर चालू लागलं. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर महाराष्ट्राची म्हणून देशभर जाते, आणि ती विणणाऱ्या घरात मार्कंडेय ऋषींची पूजा होते, नारळी पौर्णिमेला त्यांचा रथ निघतो, नवरात्रात बायका बतुकम्मा खेळतात. ही दोन्ही विधानं सारखीच खरी आहेत.

एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तेलुगू रीतीने घराण्याचं नाव आधी येतं, मग माणसाचं. सोलापूरच्या शाळेत नाव घालताना ते मराठी पद्धतीने मागे गेलं: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. चिट्याल, कोंडा, बुर्ला, यन्नम अशी आडनावं हजेरीपटावर शेवटी आली आणि मधे वडिलांचं नाव बसलं. कुणी सक्ती केली नव्हती. हजेरीपटाची रीत होती, ती घरातही रुजली.

गुजरातीही आले. उद्योगपती वालचंद हिराचंद 1882 मध्ये सोलापुरात जन्मले. त्यांचं दिगंबर जैन घराणं सौराष्ट्रातल्या वांकानेरहून इकडे आलेलं. मारवाडी व्यापारी आले. आणि काही माणसं आली नाहीत, आणली गेली. 1871 मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे इकडेही लागू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांच्यावर जन्मतःच शिक्का मारला होता त्या कैकाडी, पारधी, भामटा अशा जमातींना तारेच्या कुंपणात कोंडून ठेवण्यात आलं. तो भाग आजही ‘सेटलमेंट’ नावाने ओळखला जातो. कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला. शहराच्या बहुभाषिकपणाचं कौतुक करताना हे कुंपण विसरलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

1930 मध्ये, स्वातंत्र्य चळवळीच्या काळात, सोलापूरवर मार्शल लॉ म्हणजे लष्करी अंमल लागला. त्यानंतर 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात चार जणांना फाशी दिली: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन. चारही नावं सावकाश वाचावीत. लिंगायत, मराठा, मारवाडी, मुसलमान. त्या काळच्या शहराचा इतका नेमका नमुना कुठल्या तक्त्यात सापडणार नाही.

आता रकान्याकडे परत येऊ. 2011 मध्ये लोकांनी सांगितलेली मातृभाषांची नावं देशभरात 19,569 होती. छाननीनंतर ती 1,369 वर आली आणि शेवटी 121 भाषांत बसवली गेली. सोलापूरचं त्यात काय होतं पाहा. मुळेगाव तांड्यावरची लमाणी हिंदीत मोजली जाते. वडार समाजाची वडारी तेलुगूत जाते. सेटलमेंटमधल्या माणसाची कैकाडी तमिळमध्ये जाते. म्हणजे सोलापूर जिल्ह्याचा ‘हिंदी’ आकडा पाहून उत्तरेतून किती लोक आले याचा हिशोब कुणी मांडला, तर त्यात पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेले लमाणही परके ठरतील. लंडनमध्ये गेलेला पद्मशाली आणि गेलेला पंजाबी दोघेही ‘इंडियन’ या एकाच चौकटीत बसतात, तसाच हा प्रकार.

दुसरी अडचण हद्दीची. टोरोंटो शहराचा आकडा वेगळा आणि आजूबाजूच्या गावांसह महानगराचा वेगळा. शेजारच्या ब्रॅम्प्टनमध्ये 2021 ला निम्म्याहून अधिक लोक दक्षिण आशियाई होते, पण ते टोरोंटो शहरात धरले जात नाहीत. आपल्याकडे कुंभारीला विडी कामगार महिलांचं दहा हजार घरांचं गोदूताई परुळेकर घरकुल 2006 मध्ये उभं राहिलं, नंतर जवळच रे नगर ही दुसरी वसाहत. पूर्व भागातून असंख्य तेलुगू कुटुंबं तिकडे गेली. रोज रिक्षाने शहरात येतात, आठवड्याचा बाजार इथेच करतात, पण मोजले जातात दक्षिण सोलापूर तालुक्यात. शहरातले तेलुगू कमी झाले असं कुणी म्हणालं तर आधी कुंभारीचा रस्ता दाखवावा.

आणि मुंबई. 1921 मध्ये मुंबईतल्या दर पाच माणसांपैकी चार जण शहराबाहेर जन्मलेले होते. त्यांत रत्नागिरी-साताऱ्याचे गिरणी कामगार मोठ्या संख्येने. पण त्यांची मातृभाषा मराठी, त्यामुळे भाषेच्या रकान्यात ते ‘इथलेच’ दिसतात. सोलापुरात उलट आहे. चौथी पिढी याच मातीत जन्मली, जन्मस्थान सोलापूर, शाळा मराठी, मित्राला हाक ‘काय करायलास बे’, तरी रकान्यात तेलुगू म्हणून ती बाहेरची दिसते. मुंबईत 2001 ते 2011 या दहा वर्षांत मराठी मातृभाषेचे लोक सुमारे 45 लाखांवरून 44 लाखांवर आले, हिंदीचे 26 वरून 36 लाखांवर गेले. त्या आकड्यांवरून जे निष्कर्ष काढले जातात ते तसेच उचलून सोलापूरला लावले की इथल्या माणसावर अन्याय होतो. भाषेचा तक्ता जन्मस्थानाच्या तक्त्याशेजारी ठेवूनच वाचायला हवा, आणि दोन्ही तक्ते सरकार छापतं.

गिरण्या एकेक करून बंद झाल्या, यंत्रमागही पहिल्यासारखे चालत नाहीत. पोरं पुण्याला जातात. ओसरीवरच्या त्या आजींचा नातूही गेला. तिथल्या सहकारी मुलीशी लग्न केलं, ती साताऱ्याची. त्यांना दोन वर्षांची मुलगी आहे. दिवाळीला ती आली होती. पणजीला ती ‘अव्वा’ म्हणते आणि पणजी तिच्याशी तेलुगूतच बोलते. 2027 ला कुणीतरी गुरुजी पुण्याच्या त्या फ्लॅटची बेल वाजवतील, आई लेकीशी कोणत्या भाषेत बोलते ते विचारतील आणि मराठी लिहून पुढच्या दाराकडे जातील.